सेप्सिसमध्ये कोॲग्युलेशन रिपोर्ट: नमुना कसा घ्यायचा, आकडे कसे वाचायचे

पहाटे सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या) रुग्णाचा कोॲग्युलेशन म्हणजे रक्त गोठण्याचा रिपोर्ट येतो. आयएनआर (गोठायला लागणाऱ्या वेळेचं नॉर्मलशी गुणोत्तर) १.६, प्लेटलेट ८८ हजार. रुग्णाला कुठूनही रक्तस्राव नाही, तरी पहिला आदेश सुटतो, "चार एफएफपी मागवा." (एफएफपी म्हणजे रक्तदात्याचा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा.) दुसऱ्या टोकाला असा रुग्ण असतो, ज्याच्या प्लेटलेट तीन दिवस रोज थोड्या थोड्या घसरत असतात. आकडा अजून एक लाखाच्या वर आहे म्हणून कोणी बघत नाही आणि चौथ्या दिवशी लघवी बंद होते. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. गोठण्याचे आकडे सुटे वाचले जातात, आधीच्या आकड्याशी आणि अवयवांच्या स्थितीशी ते जोडले जात नाहीत.

हा लेख आयसीयूतले रेसिडेंट, सिस्टर आणि लॅब टेक्निशियन यांच्यासाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या, कारण पहिल्या टप्प्यातली चूक पुढे कुठेच दुरुस्त होत नाही.

आधी एवढं डोक्यात ठेवा

सेप्सिसमध्ये एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. मोनोसाइट आणि इजा झालेल्या पेशी टिश्यू फॅक्टर (गोठण्याची साखळी सुरू करणारं प्रथिन) बाहेर काढतात आणि गुठळी बनवणारं थ्रॉम्बिन तयार होऊ लागतं. त्याला आवर घालणारी अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही प्रथिनं खर्च होतात, गळक्या रक्तवाहिन्यांतून बाहेर जातात आणि यकृतही ती कमी बनवतं. शिवाय रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं थ्रॉम्बोमॉड्युलिन घटल्यामुळे उरलेलं प्रोटीन सी सक्रिय होत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे गुठळी विरघळण्याला अडवणारं पीएआय-१ हे प्रथिन वाढतं आणि तयार झालेली गुठळी विरघळत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजतात आणि मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, बोटांची टोकं यांचा रक्तपुरवठा तुटतो.

म्हणून सेप्सिसमधला डीआयसी (सगळ्या शरीरात एकाच वेळी गोठण्याची यंत्रणा भडकणं) बहुतेक वेळा वाहणारा नसतो, तुंबवणारा असतो. प्रसूतीच्या वेळच्या किंवा ल्युकेमियातल्या डीआयसीचं चित्र इथे लावलं की निर्णय चुकतात.

टप्पा १: नमुना घेण्याची वेळ ठरवा

पहिला नमुना एफएफपी, व्हिटॅमिन के आणि हेपरिन सुरू होण्याआधी घ्या. ब्लड कल्चर काढताना त्याच टोचणीत तो निघतो. एफएफपी गेल्यावर अँटीथ्रॉम्बिन तपासलं, तर रुग्णाइतकंच रक्तदात्याचंही अँटीथ्रॉम्बिन मोजलं जातं.

मागणीपत्रावर चार गोष्टी लिहा: नमुन्याची वेळ, हेपरिन किंवा इतर अँटीकोॲग्युलंट (गुठळी रोखणारं औषध) आणि त्याचा शेवटचा डोस, गेल्या २४ तासांत दिलेले रक्तघटक, आणि तोपर्यंत गेलेलं सलाइन. किलोला ३० मिली सलाइन गेलेल्या रुग्णात सगळेच आकडे पातळ झालेले असतात.

पहिल्या संचात प्लेटलेट, पीटी-आयएनआर आणि एपीटीटी (गोठण्याचा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्या), फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) आणि डी-डायमर (गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे) हवेत. अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी तुमच्याच लॅबमध्ये त्याच दिवशी होत असेल तरच मागवा. बाहेर पाठवून तीन दिवसांनी आलेला आकडा उपचार ठरवायला उपयोगाचा नाही, बिल मात्र वाढवतो.

सावधान: या काळात "थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल" (गुठळ्या होण्याच्या प्रवृत्तीची तपासणी) पाठवू नका. तीव्र आजारात मुक्त प्रोटीन एस, प्रोटीन सी आणि अँटीथ्रॉम्बिन घटलेलीच असतात. त्यावरून आनुवंशिक कमतरतेचा शिक्का बसला की तो आयुष्यभर फाइलला चिकटतो.

टप्पा २: नमुना काढा

इथे जितका वेळ द्याल तितका पुढे वाचेल.

१. निळ्या टोपणाची ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची ट्यूब घ्या. एक्स्पायरी बघा. जुन्या ट्यूबमधला व्हॅक्यूम गेलेला असतो आणि ती पूर्ण भरत नाही.

२. ज्या हातात सलाइन चालू आहे तो हात सोडा. टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटाच्या आत सैल करा.

३. क्रम असा: आधी ब्लड कल्चर, मग निळी, मग साधी लाल किंवा पिवळी, मग हिरवी, जांभळी आणि शेवटी राखाडी. जांभळीतलं ईडीटीए (कॅल्शियम धरणारं रसायन) निळीत गेलं तर पीटी आणि एपीटीटी दोन्ही खोटे लांबतात.

४. बटरफ्लायने काढत असाल आणि निळी ट्यूब पहिलीच असेल, तर आधी एक फेकायची ट्यूब लावा. नळीतली हवा निळीत गेली तर तितकं रक्त कमी भरतं.

५. २.७ मिलीच्या खुणेपर्यंत भरा. आत ०.३ मिली सायट्रेट आहे, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग. ९० टक्क्यांहून कमी भरलेली ट्यूब बाद करायची. १.८ मिलीवर थांबलात, तर प्लाझ्माच्या मानाने सायट्रेट जास्त होतं, चाचणीत घातलेलं कॅल्शियम ते धरून बसतं आणि नसलेला कोॲग्युलोपथी (गोठण्यातला बिघाड) रिपोर्टमध्ये दिसतो. एक ट्यूब अर्धी राहिली म्हणून दुसऱ्या अर्ध्या ट्यूबचं रक्त तिच्यात ओतलं, तर सायट्रेट दुप्पट होतं. हे रात्रपाळीला सर्रास होतं.

६. लगेच तीन-चार वेळा हळू उलटीसुलटी करा. जोरात हलवू नका.

आर्टरियल किंवा सेंट्रल लाइनमधूनच काढायचं असेल, तर आधी ५ मिली सलाइनने लाइन धुवा, मग ५ मिली किंवा लाइनच्या रिकाम्या जागेच्या सहापट रक्त काढून टाका आणि त्यानंतरच ट्यूब लावा. शक्य असेल तर शीर टोचा.

हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर सायट्रेट कमी करावं लागतं. सूत्र: ०.००१८५ × (१०० वजा हिमॅटोक्रिट) × रक्ताचे मिली. हिमॅटोक्रिट ६० आणि रक्त २.७ मिली असेल तर ०.२ मिली सायट्रेट पुरे. अशी ट्यूब लॅबकडूनच तयार करून घ्या.

तपासा: ट्यूब उजेडासमोर धरून सावकाश तिरकी करा. काचेवरून रक्त एकसारखं ओघळायला हवं. कडेला जेलीसारखा तुकडा सरकताना दिसला, तर त्या नमुन्यातलं फायब्रिनोजेन ट्यूबमध्येच खर्च झालेलं आहे. दुसरा नमुना घ्या.

टप्पा ३: लॅबपर्यंत आणि मशीनपर्यंत

ट्यूब साध्या खोलीच्या तापमानाला न्यायची. बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवली की फॅक्टर सात (गोठण्याच्या क्रमांकित प्रथिनांपैकी एक) थंडीने सक्रिय होतो आणि फॅक्टर आठ घटतो. एपीटीटी चार तासांच्या आत लागली पाहिजे. हेपरिन चालू असेल तर एका तासात सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर प्लेटलेटमधून सुटणारा 'प्लेटलेट फॅक्टर चार' हेपरिनला निष्प्रभ करतो.

१५०० जी वर १५ मिनिटं फिरवा. वरच्या प्लाझ्मात प्लेटलेट १० हजारांखाली हव्यात. अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सीसाठी प्लाझ्मा गोठवून ठेवायचा असेल तर हे अधिकच महत्त्वाचं.

कोणती पद्धत वापरली हेही विचारा. अँटीथ्रॉम्बिनची कार्यक्षमता मोजा, नुसतं प्रमाण नको. रिव्हरोक्साबॅन ही गुठळी रोखणारी गोळी घेणाऱ्या रुग्णात टेन-ए (सक्रिय फॅक्टर दहा) वर आधारलेली चाचणी अँटीथ्रॉम्बिन खोटं जास्त दाखवते, डॅबिगॅट्रान ही तशीच गोळी घेणाऱ्यात टू-ए (थ्रॉम्बिन) वर आधारलेली. प्रोटीन सीसाठी क्रोमोजेनिक (रंगावरून मोजणारी) पद्धत मागा. गुठळी धरून मोजणाऱ्या पद्धतीत फॅक्टर आठ खूप वाढलेला असला की आकडा खोटा कमी येतो, आणि सेप्सिसमध्ये फॅक्टर आठ वाढलेला असतोच.

टप्पा ४: रिपोर्ट खरा आहे का?

आकड्यांचा अर्थ लावण्याआधी ही चाळणी लावा.

एपीटीटी मशीनच्या मर्यादेबाहेर आणि पीटी जवळपास नॉर्मल असेल तर लाइनमधलं हेपरिन नमुन्यात आलं असावं. पीटीच्या बहुतेक रिएजंटमध्ये हेपरिन निष्प्रभ करणारं द्रव्य असतं, म्हणून पीटी वाचते. ताजी शीर टोचून पुन्हा पाठवा.

प्लेटलेट अचानक कोसळल्या आणि रुग्णात काहीच बदल नाही? स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) बघा. ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके झाले की मशीन ते मोजत नाही. अशा वेळी सायट्रेट ट्यूबमधून मोजा आणि येणाऱ्या संख्येला १.१ ने गुणा.

एकक तपासा. आपल्याकडे प्लेटलेट कधी "०.९६ लाख", कधी "९६,०००", तर कधी "९६" अशा येतात. डी-डायमरचा गोंधळ याहून मोठा आहे. तो एफईयू आणि डीडीयू अशा दोन एककांत येतो: एफईयू एककातला आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. एफईयूची ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली ही मर्यादा डीडीयूमध्ये सुमारे २५० होते. रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलमधून आला असेल तर दोन्ही रिपोर्ट एकाच एककात आणल्याशिवाय तुलना करू नका.

टप्पा ५: स्कोअर मांडा, रोज एकाच वेळी

सेप्सिससाठी आधी एसआयसी, म्हणजे सेप्सिस-इंड्यूस्ड कोॲग्युलोपथी स्कोअर. त्यात तीनच घटक आहेत.

- प्लेटलेट: दीड लाख किंवा जास्त ०, एक ते दीड लाखाच्या आत १, एक लाखाखाली २.
- आयएनआर: १.२ पर्यंत ०, १.२ च्या वर १.४ पर्यंत १, १.४ च्या वर २.
- सोफा (अवयवांच्या बिघाडाचा स्कोअर): ० असेल तर ०; १ असेल तर १; २ किंवा जास्त असेल तर २.

एकूण ४ किंवा जास्त, आणि प्लेटलेट व आयएनआर मिळून २ पेक्षा जास्त, असं असेल तरच एसआयसी.

यात तीन चुका वारंवार होतात. पहिली: सोफाचे पूर्ण गुण मिळवणं. सोफा १२ असला तरी इथे २ च. दुसरी: सोफाचे सहाही घटक धरणं. इथे श्वसन, रक्ताभिसरण, यकृत आणि मूत्रपिंड हे चारच धरायचे, नाहीतर प्लेटलेट दोनदा मोजल्या जातात. तिसरी: दुसरी अट विसरणं. वॉरफरिन घेणाऱ्या न्यूमोनियाच्या रुग्णात आयएनआरचे २ आणि सोफाचे २ मिळून ४ होतात, पण प्लेटलेट नॉर्मल आहेत. हा एसआयसी नाही.

एसआयसी जमला की आयएसटीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेचा ओव्हर्ट (उघड) डीआयसी स्कोअर काढा. प्लेटलेट ५० हजार ते एक लाख १, ५० हजारांखाली २. डी-डायमर मध्यम वाढ २, तीव्र वाढ ३; मध्यम आणि तीव्र कुठे धरायचं हे लॅबशी बोलून एकदाच ठरवून भिंतीवर लावा. पीटी कंट्रोलपेक्षा ३ ते ६ सेकंद जास्त १, त्याहून जास्त २. फायब्रिनोजेन १०० मिग्रॅ प्रति डेसीलिटरखाली १. एकूण ५ किंवा जास्त म्हणजे ओव्हर्ट डीआयसी. इथे पीटी सेकंदांत धरायची असते. रिएजंटचा आयएसआय (संवेदनशीलतेचा आकडा) बदलला की त्याच आयएनआरला सेकंद बदलतात, म्हणून आयएनआरवरून अंदाजे सेकंद काढू नका.

एक उदाहरण मांडून बघू. न्यूमोनिया, पहिला दिवस: प्लेटलेट १,६२,०००, आयएनआर १.३. पीएफ रेशो (रक्तातल्या आणि दिलेल्या ऑक्सिजनचं गुणोत्तर) २४०, व्हेंटिलेटर नाही, क्रिएटिनिन १.८, बिलिरुबिन १.०, नॉरॲड्रेनलिन (रक्तदाब टिकवणारं औषध) ०.०८ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. चार घटकांचा सोफा २ + १ + ० + ३ = ६, म्हणजे इथे २. एसआयसी ० + १ + २ = ३. बसत नाही.

दुसरा दिवस: प्लेटलेट ९६,०००, आयएनआर १.५, पीटी १७ सेकंद (कंट्रोल १३), डी-डायमर मध्यम वाढलेला, फायब्रिनोजेन ३१०. एसआयसी २ + २ + २ = ६. आयएसटीएच १ + २ + १ + ० = ४. ओव्हर्ट डीआयसी अजून नाही, पण प्लेटलेट २४ तासांत ४१ टक्के घसरल्या आहेत. "डीआयसी नाही" एवढंच लिहून पुढे गेलात, तर हाच रुग्ण हातातून निसटतो.

सावधान: फायब्रिनोजेन ३१० बघून निश्चिंत होऊ नका. दाहात ते वाढतं, ५०० च्या वर असायला हवं होतं ते ३१० वर आलेलं असू शकतं. कालचा आकडा शोधा.

टप्पा ६: अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी यांचा अर्थ

अँटीथ्रॉम्बिन साधारण ८० ते १२० टक्के, प्रोटीन सी ७० ते १४० टक्के. प्रोटीन सीचं अर्धायुष्य ६ ते ८ तासांचं, अँटीथ्रॉम्बिनचं दोन-तीन दिवसांचं. त्यामुळे प्रोटीन सी आधी कोसळतं आणि यकृत सावरलं की आधी वर येतं.

दोन्ही एकत्र वाचली तर बरंच उलगडतं:

- आयएनआर वाढलेला, प्रोटीन सी कमी, अँटीथ्रॉम्बिन आणि फॅक्टर पाच नॉर्मल: व्हिटॅमिन के कमी पडलंय. उपाशी रुग्ण आणि आठवडाभर सेफोपेराझोन-सल्बॅक्टम (अँटिबायोटिक) ही आपल्याकडची नेहमीची जोडी. १० मिग्रॅ व्हिटॅमिन के शिरेतून हळू द्या, १२ ते २४ तासांनी आयएनआर बघा. तो उतरला तर उत्तर मिळालं.
- दोन्ही कमी, प्लेटलेट घसरत्या, डी-डायमर चढता: प्रथिनं खर्च होत आहेत.
- दोन्ही कमी, अल्ब्युमिनही खूप कमी, प्लेटलेट स्थिर: गळती, पातळपणा किंवा जुनं यकृतदुखणं आधी तपासा.

हेपरिन चालू असेल तर अँटीथ्रॉम्बिन त्यानेही उतरतं, हे धरून चला.

आता सगळ्यात मोहाची चूक: प्रथिन कमी आहे ना, मग भरून काढा. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कायबरसेप्ट चाचणीत २,३१४ रुग्णांपैकी निम्म्यांना चार दिवसांत ३०,००० युनिट अँटीथ्रॉम्बिन दिलं. २८ दिवसांचे मृत्यू घटले नाहीत आणि सोबत हेपरिन असलेल्यांत रक्तस्राव वाढला. सक्रिय प्रोटीन सीचं औषध पुढच्या चाचणीत फायदा न दिसल्यामुळे २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. जपानमध्ये डीआयसी असलेल्या निवडक रुग्णांना अँटीथ्रॉम्बिन आजही देतात. इतरत्र तो नेहमीचा उपचार नाही. ही पातळी धोका ओळखायला वापरा.

टप्पा ७: आकडा अवयवांना जोडा

एकाच तक्त्यावर, एकाखाली एक ओळी: प्लेटलेट, आयएनआर, लॅक्टेट, तासाची लघवी, क्रिएटिनिन, पीएफ रेशो, बिलिरुबिन, नॉरॲड्रेनलिनचा डोस. प्लेटलेटच्या उतारासोबत लघवी किलोमागे तासाला ०.५ मिलीखाली आली की दोन स्वतंत्र समस्या लिहू नका, आधी एकच कारण शोधा.

आणि मोजे काढा. रोज, दोन्ही पायांचे. शॉकनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात यकृताला इजा झालेल्या रुग्णात प्रोटीन सी आणि अँटीथ्रॉम्बिन तळाला जातात आणि बोटांची टोकं काळवंडू लागतात. घोट्याजवळची नाडी हाताला लागत असते, म्हणून "सर्क्युलेशन ठीक" असं लिहिलं जातं. तुंबलेली असते ती नाडीच्या पुढची सूक्ष्म जाळी. बोटाच्या टोकाला जांभळट, दाबल्यावर न पुसला जाणारा रंग दिसला तर त्याच फेरीत सिनियरना कळवा, पेनाने कडा आखा आणि वेळ लिहा.

तपासा: हा सेप्सिसच आहे ना? पावसाळ्यात डेंग्यूत प्लेटलेट खूप घसरतात, पण आयएनआर बहुधा त्या प्रमाणात वाढत नाही. लेप्टो, फाल्सिपेरम मलेरिया आणि स्क्रब टायफस यांच्या तपासण्या आधी पाठवा. शेतावरून आलेल्या रुग्णात फायब्रिनोजेन मोजण्यापलीकडे कमी असेल तर घोणसदंश विचारा, अंगावर खूण शोधा आणि स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का बघा. हेपरिन सुरू करून ५ ते १० दिवसांनी प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या तर एचआयटी (हेपरिनमुळेच प्लेटलेट घसरणं). पीटी नॉर्मल, स्मिअरमध्ये तुटक्या लाल पेशी, तर टीटीपी (सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा वेगळा आजार). तिथे तास मोजले जातात.

टप्पा ८: काय द्यायचं, काय थांबवायचं

पहिलं औषध अँटिबायोटिक आणि पहिली प्रक्रिया म्हणजे पू, अडलेली मूत्रवाहिनी, फुटलेलं आतडं यांचा बंदोबस्त. उगम तसाच ठेवून गोठण्याचे आकडे दुरुस्त होत नाहीत.

रक्तस्राव नसेल तर केवळ आयएनआरसाठी एफएफपी नको. गळक्या फुप्फुसात लिटरभर द्रव जातो आणि सुधारलेला आयएनआर काही तासांत परत येतो. प्लेटलेट १० हजारांखाली, किंवा रक्तस्रावाचा मोठा धोका असेल तर २० हजारांखाली द्या. रक्तस्राव चालू असेल किंवा शस्त्रक्रिया असेल तर लक्ष्य ५० हजार. एफएफपी किलोला १५ मिली. फायब्रिनोजेन तरीही १५० खाली राहिलं तर क्रायो (फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्तघटक).

रक्तस्राव नसेल तर गुठळी-प्रतिबंधाचा डोस चालू हवा, शक्यतो लो मॉलिक्युलर वेट हेपरिन. आयएनआर १.६ म्हणजे "रक्त आपोआप पातळ आहे" हा समज घातक आहे, कारण आवर घालणारी प्रथिनंही तितकीच घटलेली असतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० खाली असेल तर डोस बदला किंवा साधं हेपरिन घ्या. प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या तर रोज नव्याने ठरवा. रक्तस्राव असेल तर औषध थांबवून पायांना दाब देणारं यंत्र लावा.

ट्रानेक्सॅमिक ॲसिड (गुठळी विरघळू न देणारं औषध) सवयीने देऊ नका. सेप्सिसमध्ये गुठळी विरघळणं आधीच बंद पडलेलं असतं.

टप्पा ९: पुन्हा कधी

स्थिर रुग्णात २४ तासांनी, रक्तस्राव किंवा झपाट्याने घसरण असेल तर ६ ते ८ तासांनी. एफएफपी किंवा प्लेटलेट दिल्यानंतरच्या आकड्यापुढे तसं लिहा, नाहीतर पुढच्या पाळीचा डॉक्टर त्याला सुधारणा समजतो. प्लेटलेट दोन दिवस स्वतःहून चढल्या आणि नॉरॲड्रेनलिन उतरलं की रोजचा डी-डायमर बंद करा.

डिस्चार्ज कार्डावर आजारातलं प्रोटीन सी आणि अँटीथ्रॉम्बिन लिहिताना "तीव्र सेप्सिसमधली पातळी" असे शब्द जोडा. घरात कमी वयात गुठळ्या झाल्याचा इतिहास असेल, तरच रुग्ण पूर्ण बरा झाल्यावर आणि अँटीकोॲग्युलंट बंद असताना, काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.